चार पोती कंद

माझ्या धाकट्या भावाचं, एमीदियोचं, लग्न बर्फामुळे दोनदा पुढे गेलं आणि शेवटी नवरी पायांना गोणपाट गुंडाळून, खेचरावर बसून चर्चमध्ये आली, ते साल एकोणीसशे त्रेपन्न. त्या लग्नात माझा नवरा नव्हता. सेसिदियो बेल्जियममध्ये कोळशाच्या खाणीत होता, तीन वर्षांच्या करारावर. करार त्याच सप्टेंबरात संपायचा होता.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू वेनान्झिया. आमच्या लग्नानंतर पाच महिन्यांत नवरा खाणीवर गेला, त्यामुळे मूलबाळ नव्हतं. आमचं पठार उंचावर आहे. गहू बेताचा, मसूर बेताची, बदामाची चार झाडं, आणि केशर. बाकी सगळं पोटापुरतं. घर उभं असायचं ते केशरावर.

जुलैमध्ये सेसिदियोचं पत्र आलं. ते पान्फिलोकाकांनी वाचून दाखवलं. काका जोडे शिवायचे आणि अर्ध्या गावाची पत्रं लिहायचे, वाचायचे. मला तेव्हा स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. पत्रात होतं, "यंदा कंद किती भरले ते कळवा. चार पोती भरले तर वरचा माळही लावता येईल, मग मी दुसऱ्या करारावर सही करत नाही, घरी येतो. नाही भरले तर सही करावी लागेल. आता आम्हाला खालच्या थरात घालतात. तिथे छत इतकं खाली आहे की कुशीवर पडून खणावं लागतं. परवा आमच्यातला एक तिथेच राहिला. खालच्या थरात आणखी तीन वर्षं माझ्याच्याने निघणार नाहीत, हे मला आत्ताच कळतंय."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"पोरगा लहानपणापासूनच रडका," सासू म्हणाली. पण तिने शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली, आणि बाहेर जुलैचं ऊन होतं.

आमच्याकडे केशराचे कंद दर उन्हाळ्यात उकरतात. दुसऱ्या मुलखांत म्हणे ते पाच-सहा वर्षं जमिनीत तसेच राहू देतात. आम्ही एका जमिनीत एकदाच लावतो, मग आठ-दहा वर्षं तिथे केशर नाही. कंद उकरायचे, वरची जुनी साल सोलायची, निवडायचे आणि ऑगस्टच्या शेवटी नव्या जमिनीत, सरीत, टोक वर करून, एकाला एक लागून लावायचे. उकरायला कुणीही चालतं. साल कुणीही काढतं. निवडते मात्र घरातली सगळ्यांत मोठी बाई. तिने पोत्यात टाकला तो कंद चांगला, मागे फेकला तो वाईट. त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. तिची नजर अधू झाली की निवड पुढच्या बाईकडे जाते आणि निवडीबरोबर सगळंच जातं. कोठीची किल्ली, सूप वाढायचा डाव, टेबलाच्या टोकाची खुर्ची. शेजारच्या फिलिप्पाची निवड तिच्या सुनेने घेतली, तेव्हा फिलिप्पा चुलीपाशी जी बसली ती पुढच्या हिवाळ्यात तिथूनच उचलावी लागली.

वेनान्झियाची नजर त्या वर्षीच्या ईस्टरपासून गेली होती. ती कुणाला कळू द्यायची नाही. जिन्याच्या पायऱ्या मनात मोजून उतरायची. सुपात मीठ दोनदा पडायचं आणि "आज मीठच खारट आहे," असं म्हणायची. चर्चच्या दारात एकदा तिने कुठल्याशा परगावच्या माणसाला आपला भाचा समजून त्याच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि त्याच्या म्हशीसारख्या बायकोबद्दल चौकशी केली. बायको शेजारीच उभी होती. गाव आठवडाभर हसलं. मी हसले नाही, मला ठाऊक होतं. पण मी बोलले नाही. आता कारण विचाराल तर दोन सांगते. एक, फिलिप्पा माझ्या डोळ्यांसमोर गेली होती. दुसरं, तीन वर्षांची सून मी. निवड मागितली असती तर गाव म्हणालं असतं, नवरा बाहेर आहे तर हिचा किल्लीवर डोळा.

निवडीचा दिवस उजाडला. अंगणात चादर पसरली, त्यावर कंदांचा ढीग. मी साल काढून एकेक कंद सासूच्या हातात द्यायची. ती तो अंगठ्याने दाबायची. टणक लागला की पोत्यात.

पंधरा-वीस झाले असतील, तेव्हा मला पहिला डाग दिसला. मसुरीच्या दाण्याएवढा, तांबूस, बुडाशी. असा डाग म्हणजे सड. आज कंद टणक असतो. पंधरा दिवसांत आतून लगदा होतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. मी तो तिच्या हातात दिला. वाटलं, कळेल. तिने दाबला. "छान आहे," म्हणाली, आणि पोत्यात टाकला.

पुढचा डागाचा कंद मी हळूच माझ्या एप्रनमध्ये सोडला.

"काय पडलं?" तिने लगेच विचारलं. डोळे गेले तसे तिचे कान तीक्ष्ण झाले होते.

"खडा होता, आई."

"खड्याचा आवाज असा येत नाही."

त्यानंतर मला दुसरा सोडता आला नाही. ती माझ्या हातांचा आवाज ऐकत होती. सहा-सात कंदांमागे एक डागाचा येत होता आणि मी तो स्वतःच्या हाताने तिच्या हातात ठेवत होते.

दुपारी शेजारची बेर्नार्दिना कुंपणावरून डोकावली. "काय गं वेनान्झिया, तुझी सून कंद सोलतेय की जपमाळ ओढतेय? एवढं तोंड बारीक करून?"

"नवऱ्याची वाट बघतेय ती," सासू म्हणाली. "तुझा समोर असतो म्हणून तुला तोंड बारीक करायची गरज पडत नाही. कान बंद केले की झालं."

बेर्नार्दिना हसत गेली. सासू खुशीत होती. संध्याकाळपर्यंत चार पोती भरली, चौथ्याचं तोंड बांधायला सुतळी पुरेना. मागे फेकलेले कंद ओंजळभरसुद्धा नव्हते. इतकी कमी टाकाऊ निघालेली मी कधी पाहिली नव्हती, आणि का निघाली ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पान्फिलोकाकांना घरी बोलावलं. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसून तिने मजकूर सांगितला. "लिही. चार पोती. चौथं तोंडापर्यंत. सही करू नकोस. आई." काकांनी लिहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्याकडून काय लिहू, लोरे?"

सांगायची ती वेळ होती. सासू मान वर करून, माझ्याकडे म्हणून जरा बाजूलाच बघत होती. मी म्हणाले, "लिहा, तब्येतीला जप."

दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी मी काकांच्या दुकानात गेले. ते जोड्याच्या तळाला खिळे ठोकत होते, चार खिळे तोंडात.

"काका, अजून एक पत्र लिहायचं आहे. पोत्यांवर विश्वास ठेवू नकोस, सही कर, असं."

त्यांनी खिळे एकेक करून बाहेर काढले. "म्हणजे नवऱ्याला घरी येऊ नकोस असं बायको कळवतेय. माझ्या अक्षरात."

"कंदांना सड आहे."

"वेनान्झिया म्हणते नाही."

"त्यांना दिसत नाही, काका."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"आधी तिला सांग, मग मी लिहितो. पोरी, उद्या तो येऊन मला विचारेल, आईच्या पाठीमागे हे कुणी लिहिलं. मी काय सांगू? मला याच गावात जोडे शिवायचे आहेत."

मी घरी आले. ती बदाम फोडत बसली होती आणि गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. सांगण्यासाठी मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने सेसिदियो आल्यावर कोणतं मेंढरू कापायचं, तेच काढलं. मी पाणी आणायला निघून गेले.

पोती उत्तरेच्या भिंतीला नऊ दिवस उभी होती. लावणीच्या दिवशी मी पहिलं उघडलं तेव्हा वास आला, ओल्या तळघरासारखा. आमच्यात वाकून कंद लावायचं काम तरुण बाईचं आणि मागून माती ओढायचं मोठीचं, म्हणून कंद माझ्याच हातातून जात होते. मऊ पडलेले मी बांधापलीकडे फेकू लागले, पण सरी रिकामी राहिली तर मागून येणाऱ्या तिच्या पायाला कळायचं. मग मी डागाचेही लावले. निम्म्याहून जास्त डागाचेच होते.

एक गोष्ट मात्र मी केली. दिवसभरात जे कंद अगदी स्वच्छ, पांढरे, बुडाशी कोरडे दिसले, ते एप्रनच्या आतल्या खिशात घातले. चार दिवसांत दोनशेच्या आसपास झाले. ते मी घरामागच्या बागेत, कोंबड्यांच्या खुराड्यामागे लावले, जिथे आधी घेवडा होता. ओकच्या लाकडाची राख चाळून सरीत घातली, प्रत्येक कंद राखेत घोळवला. उंदरांसाठी कडेने जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या पुरल्या आणि कोंबड्या उकरतील म्हणून वर काट्यांची जाळी अंथरली. रोज सकाळी अंडी काढायला म्हणून मी तिथे जायची आणि गुडघे टेकून मातीचा वास घ्यायची. ओल्या तळघराचा वास येत नव्हता.

सेसिदियो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. हातात पुठ्ठ्याची बॅग, आणि नखांच्या कडा अशा काळ्या की तीन वेळा धुऊनही तशाच. सही केली नव्हती. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. त्याला वाटलं प्रेमाने. जेवताना तो खोकत होता आणि हसत होता. मेंढरू कापलं होतं. मी ताटातून मान वर केली नाही.

"बायकोला माझी सवय राहिली नाही," तो म्हणाला. "ताटाकडे बघून जेवतेय."

"ताट तरी तुझ्यापेक्षा नियमित समोर येतं," सासू म्हणाली.

जेवून तो शेतावर निघाला. मी मागोमाग गेले. त्या दिवसांत सरीतून पांढरे कोंब वर आलेले दिसायला हवेत, जागोजागी, बोटाच्या नखाएवढे. शेजारच्या बेर्नार्दिनाच्या शेतात ते दिसत होते. आमच्या मातीवर काही नव्हतं. तो सरीच्या कडेने चालत शेवटापर्यंत गेला, परत आला, मग बसला आणि बोटांनी माती उकरू लागला. कंद हाताला लागला तो बोटांतून ओघळला. काळा. त्याने शेजारचा उकरला. मग दोन हात सोडून तिसरा. मग दुसऱ्या सरीतला. तो असा तासभर उकरत होता. मी उभी होते.

"निवड कुणी केली?" त्याने मान वर न करता विचारलं.

"आईंनी."

"तिचे डोळे?"

"ईस्टरपासून."

"तुला माहीत होतं."

"हो."

"पत्र लिहिताना तू तिथे होतीस."

"होते."

तो मला मारेल असं वाटलं. बरं वाटलं असतं. त्याने हात पॅंटला पुसले आणि म्हणाला, "एक तरी उरला का?"

मी त्याला खुराड्यामागे नेलं. काट्यांची जाळी उचलली. तिथे कोंब आले होते, दोनशे, ओळीत. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग बोटांवर हिशेब करू लागला. एका कंदाचे पुढच्या वर्षी दोन, फार तर तीन. पुन्हा त्यांचे दोन. हाताची बोटं संपली तरी पोतं भरेना.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "तेही एकही मेला नाही तर."

"आईंना काय सांगायचं?"

"फुलं संपेपर्यंत काही नाही. मी घरी आलोय, निदान एवढे दिवस तरी तिला गुणगुणू दे."

पण फुलांचे दिवस म्हणजेच तिचे दिवस. फुलं उमलायच्या आत, पहाटे खुडायची आणि मग सगळ्या बायांनी टेबलाभोवती बसून प्रत्येक फुलातले तीन लाल तंतू नखाने काढायचे. तेही ती बोटांनी करायची, आमच्यापेक्षा चपळ. पहिल्या दिवशी चाळीस फुलं आली. "सुरुवात आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पस्तीस. "थंडी कमी आहे," म्हणाली. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर बेर्नार्दिनाच्या टोपल्या जाण्याचा आवाज आला, एकामागून एक, आणि सासूने कान टवकारले.

"उद्या आपल्याकडेही भरून येतील," ती म्हणाली.

सेसिदियोने माझ्याकडे पाहिलं. सोललेल्या पाकळ्या आम्ही एरवी रस्त्यावर टाकतो. त्या दिवसांत अख्खं गाव जांभळं दिसतं. मी त्या टाकल्या नव्हत्या, फुलं अख्खी दिसतील अशा जपल्या होत्या. त्या रात्री ओल्या फडक्यात ठेवल्या आणि सकाळी मोठ्या टोपलीत खाली त्या घातल्या, वरती ताजी तीस-बत्तीस फुलं पसरली. शेजाऱ्यांकडून फुलं मागता आली असती, पण मग गावाला कळलं असतं, आणि गावाला कळलेलं तिच्या कानांपासून लपलं नसतं.

तिने टोपली मांडीवर घेतली. वजन बघून मान डोलावली. सेसिदियो चुलीपाशी बसून निखाऱ्यांवर चाळण टांगत होता, आदल्या दिवशीचे चिमूटभर तंतू वाळवायला. ती सोलत गेली. वरची संपली. मग तिचा हात खाली गेला.

तिने एक फूल उचललं, नख आत घातलं, थांबली. ते फूल बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. तेही बाजूला. तिसरं तिने नाकाशी नेलं.

"लोरे," ती म्हणाली, "हे फूल मी काल सोललंय."

चाळणीची साखळी तेवढी करकरत होती.

"सेसिदियो, शेतात किती आहे?"

"काही नाही, आई."

"काहीच?"

"काहीच."

"मग ही फुलं कुठली?"

"खुराड्यामागची. लोरेने बाजूला काढून लावली होती. दोनशे कंद."

तिने टोपली खाली ठेवली. ती रडेल असं वाटलं, पण तिने एप्रनने प्रत्येक बोट वेगळं पुसलं.

"मला माहीत होतं डोळे गेलेत," ती म्हणाली. "वाटलं, अंगठ्याला कळेल. पन्नास वर्षं कळत होतं." मग माझ्याकडे तोंड करून, "तू का नाही बोललीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

सासूला असं उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. ती म्हणाली, "सून गप्प बसते ते समजतं. तोंड मला तरी होतं." तिने कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर माझ्या दिशेने सरकवली. किल्ली पाकळ्यांत अडकून थांबली. "पुढच्या वर्षी निवड तू करायची. दोनशे असोत नाहीतर दोन."

"पुढच्या वर्षापर्यंत खाणार काय?" सेसिदियो म्हणाला. तो कुणाला विचारत नव्हता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस उरकल्यावर तो परत बेल्जियमला गेला. जुन्या खाणीत त्याची जागा भरली होती. दुसऱ्या एका खाणीत लगेच घेत होते, कारण तिथे फक्त खालचाच थर होता. जायच्या आदल्या दिवशी त्याने खुराड्यामागच्या तुकड्याला गुडघाभर दगडी कठडा घातला. दगड नदीकडून पाठीवर आणले. शेवटचा दगड बसवून तो तिथेच बसला.

"लोरे, मला तिथे परत जायचं नाही," तो म्हणाला.

"मग जाऊ नकोस."

"आणि?"

मी उठून त्याची पुठ्ठ्याची बॅग भरायला घेतली.

त्या हिवाळ्यात सशांनी पानं खाल्ली, अर्धी. पान गेलं की खालचा कंद लहान राहतो. मग सासूने खुर्ची कठड्यापाशी नेली. अंगावर दोन घोंगड्या, हातात काठी आणि एक जुना पत्र्याचा डबा. तिला ससा दिसायचा नाही, ऐकू यायचा. डबा वाजला की मला घरात कळायचं. बर्फ पडलं तरी ती उठायची नाही. मी ओरडले तर म्हणायची, "मला घरात काय बघायचं आहे?" मे महिन्यात पानं वाळली तेव्हाच ती खुर्ची आत आली.

ऑगस्टमध्ये उकरले. मी पहिल्यांदा निवडले. मी इतकी घाबरले होते की तीन चांगले कंदही मागे फेकले. ती शेजारी बसून फेकलेले उचलून चाचपायची. "हा का टाकलास?"

"बुडाशी रंग वाटला."

"वाटला की आहे?"

"माहीत नाही, आई."

"मग टाक. भीतीनेच टाक. मी भ्यायले नाही म्हणून हे झालं."

चारशे तीस निघाले, ते कठड्याला लागूनच्या नव्या मातीत लावले. पुढच्या वर्षी, पंचावन्नमध्ये, नऊशेहून जास्त. पोत्याचा तळ झाकला जाऊन वर वीतभर. पान्फिलोकाकांनी पत्र लिहिलं. या वेळी सासूने सांगितलं, "जेवढे आहेत तेवढेच लिही. नऊशे बारा. एक जास्त लिहू नकोस." सेसिदियोचं उत्तर आलं, की नऊशे बारा चांगले आहेत, कठडा वाढवावा लागेल, आणि करार संपायला आता एक वर्ष उरलं आहे. खोकल्याबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं. मी काकांना तो भाग पुन्हा वाचायला लावला. खरंच लिहिलं नव्हतं.

त्या ऑक्टोबरात खुराड्यामागची फुलं टोपलीत खऱ्याखुऱ्या वजनाची भरली. वेनान्झियाने सगळी एकटीने सोलली, मला हात लावू दिला नाही. तार आली तेव्हा पाकळ्या अजून दारापुढे पडलेल्या होत्या, सुकून तपकिरी झालेल्या. तार पान्फिलोकाकांनीच आणली. त्यांनी ती दारातच वाचली, आत आले नाहीत.

सेसिदियो सोळा नोव्हेंबर एकोणीसशे पंचावन्न रोजी बेल्जियममध्ये, खालच्या थरात छत कोसळून मेला. तो चौतीस वर्षांचा होता. त्याची आई वेनान्झिया त्याच वर्षी सहा डिसेंबरला गेली, कठड्यापाशी, खुर्चीत, सकाळी.